आधी देव राहील

आमच्या बुवांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ग्वाल्हेरच्या माधवगंजात, एका देवळामागे, भर दुपारी, जमिनीवर उताणे पडले होते. धोतर मातीत, उपरणं उशाला, हात छातीवर आणि डोळे मिटलेले. मला वाटलं, माणूस गेला. हातातली पिशवी टाकून मी धावले, तर डोळे न उघडता म्हणाले, "बाई, आल्याच आहात तर माझ्या टाचेपाशी चुन्याची रेघ ओढा."

मी ओढली. मग ते उठले, रेघेपाशी डोकं ठेवून पुन्हा आडवे झाले आणि म्हणाले, "आता अजून एक."

बुवा खोली मोजत होते. गज, दोरी, फूटपट्टी यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "खोलीत झोपणार कोण, गज की माणूस?" असं त्यांचं विचारणं. देवळामागच्या सगळ्या खोल्या दोन बुवा लांब आणि दीड बुवा रुंद. मिस्त्री, सुतार, चुनेवाला, सगळे त्याच मापात बोलत. "महाराज, आधा बुवा दरवाजे में गया," असं मिस्त्री अगदी गंभीरपणे सांगायचा आणि येणारे-जाणारे तोंडाला पदर लावायचे. बुवा उंचीला बेताचे, त्यामुळे खोल्याही बेताच्याच झाल्या. पुढे माझा थोरला वाढला तेव्हा त्याचे पाय भिंतीला टेकायचे. पण पाय टेकायला भिंत होती, हे मी त्याला रोज ऐकवत असे.

लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, त्यांना वेडे बुवा म्हणणारे पुष्कळ होते, अजूनही आहेत. परवा माझा भाचाच म्हणाला, "मावशी, तो तर सनकी माणूस होता." मी त्याचा चहा परत आत नेला. ज्याला आयुष्यात कधी बिऱ्हाड शोधत उन्हातून फिरावं लागलं नाही, त्यानं बुवांबद्दल बोलू नये, असं माझं सरळ मत आहे.

मी फिरत होते. माझे मालक जाऊन वर्षही झालं नव्हतं. मकान त्यांच्या नोकरीचं होतं, ते सोडावं लागलं. दीर म्हणाले, "वहिनी, मुलं आमच्याकडे राहू द्या, तुम्ही भावाकडे जा." बोलणं गोड होतं, पण अर्थ मला कळला. एकदा मुलं तिकडे गेली की ती त्यांची, मी वर्षातून एकदा येणारी पाहुणी. चार घरी स्वयंपाक करून दोन लेकरांचं पोट भरण्याची धमक माझ्यात होती. माझ्या हातच्या पुरणपोळीला तर पार कंपू मोहल्ल्यापर्यंतची घरं बोलावणं धाडायची. नव्हती ती फक्त एक खोली. खासगी बाजार नावाच्या पेठेत ज्या दारी विचारावं तिथं आधी प्रश्न, "घरात पुरुषमाणूस कोण?" थोरला नऊ वर्षांचा, त्याला पुढे केलं की लोक हसायचे. खोली मिळाली तर लेकरं माझ्याजवळ, नाही तर नाही, इतकं ते साधं होतं.

म्हणून चुन्याची रेघ ओढून झाल्यावर मी हात झटकले आणि विचारलं, "ही खोली कुणासाठी?"

"ज्याला नाही त्याच्यासाठी."

"मला नाही," मी म्हटलं.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. घरात पुरुष कोण, जात कोणती, किराया कुठून देणार, एकही प्रश्न नाही. विचारलं एवढंच, "किती माणसं झोपणार?" मी तीन म्हटलं. "मग ही शेवटची खोली तुमची. छत चढू द्या. पण एक सांगून ठेवतो. आधी देव राहील, मग तुम्ही."

मला वाटलं, गेलं, हाही वेडाच निघाला.

बुवा म्हणजे दत्ताच्या देवळाचे पुजारी. फौजेबरोबर दक्षिणेतून आलेल्या घराण्यातले. वाडवडिलांपासून देवळामागची जागा ओसाड पडलेली, बाभळी वाढलेल्या. पलीकडे एका पीरसाहेबांचा तकिया, म्हणजे फकिरांची जागा. शहरात गिरण्या निघाल्या, बाहेरून माणसं लोटली, आणि देवळाच्या ओसरीवर रात्री पाठ टेकायला जागा मिळेना. बुवा स्वतः त्याच ओसरीवर झोपत. एका सकाळी आरती अर्धवट सोडून ते मूर्तीला म्हणाले, "तू एकटा, तुला गाभारा, सभामंडप, ओसरी, विहीर. बाहेर अकरा जणांचं कुटुंब एका घोंगडीवर. तुझं तुला बरं दिसतंय का हे?" देव काही बोलला नाही. बुवांच्या मते तो लाजला. त्याच दिवशी बाभळी तोडायला सुरुवात झाली.

पैसा कुठून आणणार? तर त्यांनी नवसाला हात घातला. लोक यायचे, देवा, मुलगा होऊ दे, चांदीची छत्री वाहीन, समई वाहीन. बुवा म्हणायचे, "त्याला छत्री आहे. पटिया दे." पटिया म्हणजे आमच्याकडच्या दगडाची लांबलचक फळी. ग्वाल्हेरीस घराच्या छताला त्याच घालतात, लाकडाचं काम नाही. कुणाची सून सुखरूप बाळंत झाली की एक पटिया बैलगाडीतून देवळामागे उतरायची. कुणी दावा जिंकला, कुणाचा ताप उतरला, आली पटिया. ज्यांचा नवस फळला नाही त्यांच्याकडेही बुवा जात. "फळला नाही म्हणून काय झालं, देवाला उधार द्या," असं सांगून त्यांच्याकडूनही अर्धी पटिया घेऊन येत. माझ्या खोलीच्या छतात एका सोनाराच्या सुनेचं बाळंतपण आहे, एका वकिलाची मूळव्याध आहे, आणि एक पटिया कसली आहे हे त्या बाईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. रात्री उताणं पडलं की मी त्यांना नावानिशी दुवा देत असे.

कीर्तनातसुद्धा तेच. वनवासाची कथा लागली आणि पर्णकुटी आली की बुवा तिथंच बसकण मारत. मग कुडाला कोणतं लाकूड, पावसाची दिशा कुठली, चूल कुठल्या कोपऱ्यात, हे सांगता सांगता मध्यरात्र व्हायची आणि राक्षस वगैरे राहूनच जायचे. श्रोते वैतागायचे. पण पुढच्या गुरुवारी विटा घेऊन यायचे तेही हेच लोक.

तकियाची राखण करणारे मुजावर मियाँसाहेब हे त्यांचे जन्माचे दोस्त आणि जन्माचे वादी. मियाँसाहेबांच्या शेळीनं देवळातली तुळस खाल्ली यावरून दोघं वर्षानुवर्षं भांडले. पण खोल्यांची वेळ आली तेव्हा बुवा पागोटं घालून तकियात गेले आणि म्हणाले, "मियाँ, तुमची मधली भिंत मला द्या. तिच्यावर माझ्या पटिया टेकतील, एक भिंत वाचेल." मियाँसाहेब म्हणाले, "दीवार अल्लाह की है महाराज, मैं कौन देनेवाला. लेकिन हमारे भी चार घर बेघर बैठे हैं." झालं. एकाच भिंतीला इकडून देवळाच्या खोल्या टेकल्या, तिकडून तकियाच्या. भिंत उंच करायची ठरली तेव्हा दोन्हीकडच्या बायकांनी पाणी वाहिलं. इकडे मूल रडलं की तिकडची बाई भिंतीवर थापटून विचारायची, "क्या हुआ, बहन?" वाचलेल्या भिंतीच्या विटांत आणखी एक खोली उभी राहिली.

किरायाची रीत तर अशी की ऐकून लोक कपाळाला हात लावत. देवळाच्या दारात एक अरुंद तोंडाची तांब्याची घागर. दर एकादशीला प्रत्येकानं मूठ आवळून आणायची, घागरीत घालायची आणि मोकळी करून काढायची. मुठीत काय होतं, होतं की नव्हतं, कुणाला कळायचं नाही. "बुवा, एखादा रिकामी मूठ घालत असेल," देवळाच्या पंचांपैकी कुणी म्हणालं. "घालत असेल," बुवा म्हणाले, "पण घालायला येतो ना?" आणि जो कुणी 'उपकार झाले' म्हणेल त्याच्या हातात झाडू. तो शब्द त्यांना सहन होत नसे. माझ्या तोंडून पहिल्या महिन्यात तो तीनदा गेला, आणि तीन वेळा मी देवळाचं अख्खं आवार झाडलं. चौथ्यांदा गेला नाही.

आता देव राहण्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

खोली तयार झाली की बुवा देवळातल्या लाकडी पादुका डोक्यावर घेऊन यायचे. खोलीच्या मधोमध पाट मांडायचा, त्यावर पादुका. ज्याला खोली मिळायची त्यानं अक्षता वाहून देवाला बोलवायचं. एक दिवसरात्र देव तिथं राहायचा, सोबतीला बुवा. दुसऱ्या दिवशी त्याच माणसानं पुन्हा अक्षता वाहून देवाला निरोप द्यायचा, मग बुवा पादुका परत नेणार आणि माणूस सामान घेऊन आत येणार. ज्यानं बोलावलं त्यानंच निरोप द्यायचा. दुसऱ्या कुणी दिला तर देव हलत नाही, आणि निरोपाशिवाय पादुका उचलणं म्हणजे पाहुण्याला हाताला धरून बाहेर काढणं. हे लहानथोर सगळे मानत.

"जिथं देव राहू शकत नाही तिथं मी माणूस कसा ठेवू?" हे बुवांचं ठरलेलं वाक्य. आणि ही नुसती पूजा नसायची, ती परीक्षा असायची. ज्येष्ठाच्या उन्हात एका रंगाऱ्याच्या खोलीत देव बसवला, आणि बुवांनी भिश्त्याला छतावर चढवून मशकच्या मशक पाणी ओतायला लावलं. बाहेर लूच्या झळा चाललेल्या, आत बुवा आणि देव. तासाभरानं बुवा ओलेचिंब बाहेर आले. "देवाच्या अंगावर थेंब पडला. मिस्त्री, चढ वर." मिस्त्री चढला. दुसऱ्या वेळी बाहेर आले ते घामाघूम. "देवाचा जीव घुसमटतोय. खिडकी फोड." खिडकी फुटणार ती तकियाकडे, मियाँसाहेबांनी हो म्हटलं, आणि तेव्हापासून त्या रांगेतल्या प्रत्येक खोलीला तिकडची खिडकी आणि पलीकडच्या खोल्यांना इकडची. मिस्त्रीच्या तोंडात शिवी यायची, पण देवाला कोण शिवी देणार? तो मुकाट्यानं खिडकी फोडायचा. किराया घेणारे मोठमोठे मालक लष्करात होते. त्यांच्यातल्या एकाच्या तरी घरी देव उतरून गेला असता तर बरं झालं असतं.

मी ओळखीच्या एका घराच्या ओसरीवर लेकरांना घेऊन दिवस काढत होते. छताची वाट बघत होते. आणि नेमकं तेव्हाच पंचांचं ठरलं.

देवळाच्या पंचांचे मुख्य म्हणजे एक सरदार. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. उंच, भरगच्च मिशा, गुरुवारी अनवाणी येऊन देवळात लोटांगण घालणारा. त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं की दत्तासाठी मोठा मंडप बांधावा, कोरीव खांबांचा, लष्करात दुसरा नाही असा. जागा कुठं? मागं. खोल्यांचं काय? पाडायच्या, माणसांना महिनाभराची मुदत. बुवा म्हणाले, "त्या पटिया नवसाच्या आहेत, सरकार. लोकांचे नवस उपटायचे का?" सरदार म्हणाले, "नाही. त्याच पटिया मंडपाच्या फरशीला घालू, नवस देवाच्याच पायाशी राहील." पंचांनी मान डोलावली. पाडकामाला बेलदार आणायचं ठरलं, आणि सुरुवात रिकाम्या खोलीपासून. रिकामी खोली एकच होती, माझी.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मंगळवारी दुपारी बुवा मी राहत होते त्या ओसरीवर आले. "चला, छत चढलंय. आजच देव बोलवायचा."

"बुवा, आज मंगळवार. त्यात अमावास्या."

"देवाला विचारलंय. त्याची हरकत नाही."

गुरुवारशिवाय पादुका न हलवणारा माणूस हे बोलत होता. मला खटकायला हवं होतं, पण खोलीच्या आनंदात कुणाला काय खटकतं?

खोलीत पाट मांडला होता. बुवांनी अक्षतांची वाटी माझ्यापुढे धरली, आणि मी दोन पावलं मागे सरले. मालक गेल्यापासून कुणी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या नव्हत्या. लग्नामुंजीत मला मागच्या दारानं स्वयंपाकघरात नेत आणि तिथूनच परत पाठवत. मी म्हटलं, "तुम्हीच वाहा. माझ्या हातून नको."

"खोली कुणाची?"

"माझी."

"मग दुसऱ्याच्या घरी मी पाहुणा कसा बोलवू? मला तशी सवय नाही."

"मला मंत्र येत नाहीत."

"'या' म्हणता येतं ना? तेवढं म्हणा."

मी अक्षता वाहिल्या आणि या म्हटलं. मग मला जे रडू आलं ते आवरेना. बुवा खिडकीशी जाऊन तकियाच्या अंगणातल्या मियाँसाहेबांच्या शेळीला शिव्या देत उभे राहिले, माझं आटपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन, लेकरांना घेऊन, निरोपाच्या अक्षता मुठीत धरून खोलीशी आले, तर दारात पहारी घेतलेले बेलदार आणि मधोमध सरदार. तिथं उभ्या उभ्या मला सगळं कळलं. खोली पाडणार. माझी मुलं दिराकडे जाणार. धाकटीचा हात मी इतका घट्ट धरला की ती ओरडली.

सरदारांनी आत पाहिलं. पादुका दिसल्या तसे जोडे काढले, दाराशी डोकं टेकलं. मग म्हणाले, "बुवा, पादुका देवळात न्या."

"मला नेता येत नाहीत, सरकार. देवाला यांनी बोलावलंय. निरोप यांनीच द्यायचा."

"तर मग बाई, तुम्ही निरोप द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बेलदार, रंगाऱ्याची बायको, पलटणीतून सुटलेला म्हातारा शिपाई, खिडकीतून मियाँसाहेब. मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या होत्या. मी बुवांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. लोक पुढे म्हणाले की बुवांनी मला आधीच पढवलं होतं. मी देवाशपथ सांगते, त्यांनी मला डोळ्यानं खूणसुद्धा केली नाही. जे बोलले ते माझं मी बोलले.

"देव काल दुपारी आला," मी म्हटलं. "अजून जेवला नाही. उपाशी पाहुण्याला जा म्हणायची आमच्या घरात रीत नाही."

'आमच्या घरात' हे शब्द माझे मलाच ऐकू आले.

सरदारांनी मान डोलावली. "बरोबर आहे. नैवेद्य होऊ द्या. मी थांबतो. काय करणार आहात?"

"पुरण."

पुरणाला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक नसावं. मला होतं. खोलीत चूल नव्हती, शिपायानं तीन विटा आणून मांडल्या. डाळ एकीकडची, गूळ दुसरीकडचा, कणीक तिसरीकडची. रंगाऱ्याच्या बायकोनं तूप आणलं आणि भिंतीपलीकडून पाटावरवंटा आला. मी डाळ शिजवली, नीट शिजवली. वाटली, पुन्हा वाटली. आयुष्यात इतकं बारीक पुरण मी कधी वाटलं नाही. बाहेर ऊन तापत चाललं. मियाँसाहेबांनी खिडकीतून सरबताचा पेला दिला, बुवांनी सरदारांना म्हटलं, "आत बसा की. देवाशेजारी. छताखाली गार आहे." सरदार आत येऊन भिंतीला टेकून बसले. खरंच गार होतं. बुवा त्यांना एकेक पटिया दाखवून कुणाचा नवस ते सांगत बसले, वकिलाच्या मूळव्याधीसकट.

आणि तेवढ्यात माझी धाकटी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. निरखून बघितलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्हालापण घर नाही का?"

माझ्या हातातली पोळी तव्यावर जळली. सरदारांनी तिला मांडीशी बसवून घेतलं.

देवाला नैवेद्य दाखवला. मग पंगत बसली, सरदारांपासून बेलदारांपर्यंत, खोलीत मावली ती खोलीत, बाकी बाहेर. सरदार किती पोळ्या जेवले ते मी सांगणार नाही, अन्नावर नजर ठेवू नये. तूप मात्र दोनदा मागून घेतलं. हात धुतला, पंच्याला पुसला आणि दाराशी उभे राहून विचारलं, "बाई, आता?"

माझं तोंड आपलं चालू झालं होतं, ते थांबेना. मी म्हटलं, "देव जेवून आत्ताच आडवा झालाय, साहेब. उठला की विचारते."

आधी त्यांच्या मिशा हलल्या. मग ते हसले, पोट धरून हसले. बेलदार हसले, खिडकीत मियाँसाहेब हसले. बुवा तेवढे हसले नाहीत. ते डोळे पुसत होते. सरदारांनी जोडे पायात घातले आणि बेलदारांना म्हणाले, "चलो, सामान उठाओ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्या घरात जेवलो त्या घरावर पहार चालवायची, आमच्याही घरात रीत नाही." जाता जाता बुवांना विचारलं, "मग माझ्या मंडपाचं काय करू?"

"बांधा की," बुवा म्हणाले. "या खोल्यांच्या पुढे जागा आहे. फक्त खांबांच्या मधे भिंती घाला."

सरदारांनी घातल्या. कोरीव खांब असलेल्या त्या चार खोल्या अजून आहेत, जाऊन बघा. एका खोलीत भट राहायचा, एकीत टांगेवाला.

त्या दिवसापासून पादुका माझ्याच कोनाड्यात राहिल्या. मी निरोप दिला नाही, आणि मागायची कुणाची छाती झाली नाही. पुढे नवी खोली झाली की बुवा माझ्या दाराशी येऊन उभे राहत, उपरणं सावरून, आणि विचारत, "यजमानीणबाई, देवाला दोन दिवस शेजारी पाठवता का?" मी पाठवत असे, आणि तो परत येत असे. लष्करातल्या कितीतरी घरांत देव आधी माझ्या घरून गेलेला आहे. लग्नामुंजीत मला मागच्या दारानं नेणाऱ्या बायका पुढे माझ्या कोनाड्यापुढे पदर पसरायच्या. मी त्यांना पुढच्या दारानं येऊ देत असे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

बुवांना स्वतःची खोली कधीच नव्हती. शेवटच्या दुखण्यात मी सांगून थकले, "आत या, ओसरीवर थंडी आहे." म्हणायचे, "सगळ्या खोल्यांत मीच तर झोपून आलोय. माझ्या मापाच्या आहेत. आणखी वेगळी कशाला?" एका पहाटे ते उताणे, हात छातीवर, डोळे मिटून पडलेले दिसले. या वेळी मी धावले नाही. मला वाटलं, मोजतायत.

त्यांना पोचवून आल्यावर मिस्त्री देवळामागे नव्या खोलीच्या अर्धवट खणलेल्या पायाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "बाई, अब नाप किससे लूँ?" माझा थोरला तेव्हा सतरा-अठराचा, बुवांपेक्षा वीतभर उंच. त्यानं सदरा काढला, मातीत आडवा झाला आणि डोळे मिटले. मी चुन्याची रेघ ओढली. त्यानंतरच्या सगळ्या खोल्या वीतभर मोठ्या झाल्या.

त्याच थोरल्याला उज्जैनला नोकरी लागली आणि त्यानं मला बोलावलं. खोली सोडायची वेळ आली. माझ्या जागी येणारी बाई दारात उभी होती. गिरणीतल्या अपघातात नवरा गेलेला, काखेला मूल, डोक्यावर गाठोडं, आणि डोळ्यांत तीच भीती, आता कुणी नाही म्हणेल अशी. शेजारच्यांनी पाट मांडला, अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली. निरोप मीच द्यायचा होता. कोनाड्यापुढे मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मग मागे वळले आणि अक्षता त्या बाईच्या तळहातावर ओतल्या.

ती घाबरून म्हणाली, "मला मंत्र येत नाहीत."

"मलाही येत नाहीत," मी म्हटलं. "'या' म्हणायचं. 'जा' तेवढं म्हणायचं नाही."